होळीची पुरणपोळी, बाबांचा स्ट्रोक आणि २१२ हा आकडा

गोदाकाठ | ९ एप्रिल, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

होळीच्या दिवशी दुपारी बाबांना स्ट्रोक झाला. वय ६८. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. डायबेटिस नाही, निदान आम्हाला तरी माहीत नव्हता. दीड वाजता जेवण झालं. दोन पुरणपोळ्या, वर तूप, कटाची आमटी, भजी. सणाचं जेवण जसं असतं तसं. चार वाजता चहा घेताना कप उजव्या हातातून सुटला. आईला वाटलं चटका बसला. मग ते काही सांगायला गेले तर शब्दच फुटेना आणि तोंड डावीकडे ओढलेलं.

शेजारचे काका धावत आले. "शुगर डाऊन झाली असेल, साखरपाणी द्या" म्हणाले. आईने दिलं. दोन चमचे गेले, तिसऱ्याला जो ठसका लागला तो थांबेचना. तेवढ्यात भाऊ गाडी घेऊन आला. सव्वापाचच्या आत दवाखान्यात पोचलो. तिथे बोटाला टोचून पहिली शुगर पाहिली आणि सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, "दोनशे बारा." मग सीटी स्कॅन. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. पाच पन्नासला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं. स्ट्रोकच्या तीव्रतेचा स्कोअर १४ लिहिलाय.

आज चार आठवडे झाले. बाबा वॉकरवर घरातल्या घरात चालतात. बोलणं हळू आहे, शब्द शोधावे लागतात. फिजिओ रोज येतात.

धागा काढायचं कारण आई. तो "दोनशे बारा" तिने ऐकला आणि तिच्या डोक्यात एकच बसलंय, "मीच वाढल्या ना त्या पोळ्या." त्यात भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी सांगितलं की शुगर वाढलेली असताना स्ट्रोक आला की तो जास्त जोरात येतो. पाडव्याला घरात श्रीखंड आलं नाही. साखरेचा डबा तिने माळ्यावर टाकलाय. रात्री उठून बाबांच्या कॉटजवळ बसून राहते.

रिपोर्ट असे: बोटावरची शुगर २१२, त्याच वेळी शिरेतून घेतलेल्या रक्तात १९४. दुसऱ्या दिवशी सकाळी १५१, तिसऱ्या दिवशी ११६. एचबीएवनसी ६.१.

गोडामुळे स्ट्रोक आला का? शुगर जास्त म्हणून तो मोठा झाला का? कुणी नीट समजावून सांगेल का, म्हणजे मला आईला वाचून दाखवता येईल.

शमिका | ९ एप्रिल, सकाळी ८.०२

वाचून पोटात कालवलं. दोन तासांच्या आत इंजेक्शन मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे गं, ती आधी आईंना सांग. माझ्या मामांना सांगलीला नेईपर्यंत सहा तास गेले होते.

वाटसरू | ९ एप्रिल, सकाळी ९.४५

डॉक्टर मंडळी सांगतीलच. मला एवढंच म्हणायचंय की बोटावरचा २१२ आणि शिरेतला १९४ यात फरक दिसतोय. साखरपाणी दिलं तेव्हा बाबांच्या हाताला ते लागलं असेल का? माझ्या ग्लुकोमीटरवर एकदा ३४० आले होते आणि मी घाबरून गेलो होतो. आधी चिक्कूची साल काढली होती. साबणाने हात धुऊन परत पाहिलं तर १३८.

इंद्रायणी | ९ एप्रिल, रात्री १०.३०

गोदाकाठ, मी न्यूरोफिजिशियन आहे. बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्यापेक्षा वरचढ धरा. पण तुमचे प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी मला विचारतं. तुमच्या आईच्या जागी बसलेल्या बायका मी फार पाहिल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

वाटसरूंनी बरोबर पकडलंय. बोटाला गूळ, साखर, फळाचा रस लागला असेल तर मीटर वाढीव आकडा दाखवतो. मीटर आणि लॅब यांच्यात तसाही थोडा फरक असतो. आपण १९४ धरू.

आता एचबीएवनसी ६.१. हा मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशोब असतो. ६.५ आणि त्यावर डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. ६.१ चं सरासरी साखरेत रूपांतर केलं तर सुमारे १२८ मिलिग्रॅम येतं. म्हणजे होळीच्या आधीचे तीन महिने बाबांच्या रक्तात सरासरी १२८ च्या आसपास साखर होती, आणि स्ट्रोकनंतर तासाभराने १९४. दीडपट. एका जेवणाने एचबीएवनसी हलत नाही, त्यामुळे ६.१ चा दोष होळीच्या ताटावर येऊच शकत नाही.

मग ही दीडपट कुठून आली? थोडी जेवणातून, थोडी साखरपाण्यातून, हे नाकारणार नाही. पण मेंदूला मार बसला की शरीर संकटाची घंटा वाजवतं. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल भसाभस सुटतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्शुलिनचं काही चालत नाही. डायबेटिस नसलेल्या माणसातही हे होतं. याला ताणाची साखर म्हणतात. तिची ओळखच अशी की संकट ओसरलं की ती उतरते. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी ११६. म्हणजे बाबांचा आकडा बराचसा स्ट्रोकच्या मागून आलेला आहे. तो स्ट्रोकच्या आधी येऊन बसलेला नव्हता.

आईंना हे पहिलं सांगा. चार वाजता नस बंद पाडणारी गुठळी दीडच्या पोळीतून तयार होत नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षांचा रक्तदाब असतो, नसांमध्ये साचलेला थर असतो, कधी हृदयाचे अनियमित ठोके असतात.

दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण तुमचे नातेवाईक सपशेल चूक नाहीत. दाखल होताना ज्यांची साखर जास्त असते त्यांचा स्ट्रोक सरासरीने मोठा असतो आणि पुढची वाटचालही कठीण असते. २००१ मध्ये तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. डायबेटिस नसलेल्या पण दाखल होताना साखर वाढलेल्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या काळातल्या मृत्यूचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. ज्यांना आधीपासून डायबेटिस होता त्यांच्यात हे नातं इतकं ठळक आलं नाही. या दुसऱ्या निष्कर्षाकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. गोडच दोषी असतं तर ज्यांचं रक्त कायम गोड त्यांच्यात हे नातं अधिक पक्कं दिसायला हवं होतं.

आता साखर मेंदूत काय करते ते. नस बंद झाली की तिच्या अगदी जवळचा भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवती एक पट्टा असतो, त्याला आजूबाजूच्या नसांमधून थोडं रक्त झिरपत असतं. शेतात पाट फुटल्यावर लगतचा वाफा वाळतो, पण कडेच्या वाफ्यांना पाझरावर एक-दोन दिवस कळ काढता येते, तसा हा पट्टा. आपली सगळी धावपळ त्याच्यासाठी असते. त्याला प्राणवायू पुरत नाही, पण साखर मात्र भरपूर येते. चुलीत लाकडं कोंबली आणि हवाच लागली नाही तर जाळ होत नाही, घर धुराने भरतं. इथला धूर म्हणजे लॅक्टिक अॅसिड. त्याने तगून राहिलेल्या पेशीही गुदमरतात. माकडांवरचे काही प्रयोग १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. हृदय काही वेळ थांबवल्यावर, आधी ग्लुकोज दिलेल्या माकडांच्या मेंदूची हानी उपाशी माकडांपेक्षा जास्त झाली. शिवाय जास्त साखरेत गुठळी सहज विरघळत नाही आणि नसांच्या भिंती कच्च्या होतात, त्यामुळे नंतर मेंदूत रक्त झिरपण्याचा धोका वाढतो.

हे मोठ्या नसांच्या स्ट्रोकबद्दल. खोलवरच्या बारीक नसांच्या छोट्या स्ट्रोकमध्ये चित्र इतकं स्वच्छ नाही.

थोडक्यात मोठ्या स्ट्रोकमुळे साखर वाढते आणि वाढलेली साखर जखमेला आणखी थोडं चिडवते. दोन्ही खरं आहे. किती टक्के हे आणि किती टक्के ते, हे एका माणसाच्या रिपोर्टवरून कुणालाच सांगता येणार नाही.

गोदाकाठ | १० एप्रिल, सकाळी ६.२५

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. रात्री दोनदा वाचलं, सकाळी आईला वाचून दाखवलं. तिला चुलीचं उदाहरण लगेच कळलं, तिने अर्धं आयुष्य चुलीवरच काढलंय.

मला समजलं ते असं. आमच्याकडे रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का, कमरेला लागलं का, छातीपर्यंत आलं का. पाणी किती आलंय ते मारुती सांगतो. मारुतीमुळे पूर येत नाही. २१२ म्हणजे तसंच ना?

इंद्रायणी | १० एप्रिल, दुपारी २.१५

फार चांगली तुलना आहे, पेशंटच्या घरच्यांना सांगताना वापरेन. एकच दुरुस्ती. मारुती पुरात भर घालत नाही, साखर थोडी घालते. म्हणून आम्ही आकडा पाहतो, तसंच तो फार वर जाणार नाही याकडेही लक्ष ठेवतो.

तटस्थ | १० एप्रिल, रात्री ११.४०

डॉक्टरांबद्दल आदर ठेवून मला इथे बोलायचं आहे. माझ्या वडिलांना १२ वर्षं डायबेटिस होता. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला तेव्हा शुगर ३१०. दवाखान्याचं नाव घेत नाही. तीन दिवस त्यांनी शुगर १५० ते १८० वर ठेवली. मी रोज सांगत होतो, ११० वर आणा, इन्शुलिनचा पंप लावा. "एवढी चालते" म्हणून उत्तर मिळायचं. आठव्या दिवशी वडील गेले. वर तुम्हीच लिहिलंय की साखर उरलेल्या पेशींना गुदमरवते. मग ती पूर्ण का उतरवली नाही? दोन वर्षं मला हा प्रश्न झोपू देत नाही.

इंद्रायणी | ११ एप्रिल, रात्री ९.५०

तटस्थ, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हा डॉक्टरांमध्येही याच प्रश्नावर दोन तट होते. "साखर वाईट, म्हणून ती नॉर्मलला आणा" हे तर्काला पटणारं आहे. मलाही पटायचं.

म्हणून अमेरिकेत एक मोठी चाचणी घेतली गेली, तिचं नाव शाइन. ६३ रुग्णालयं, साखर वाढलेले ११५१ स्ट्रोकचे रुग्ण, त्यातल्या साधारण ८० टक्क्यांना आधीपासून डायबेटिस. म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच लोक. कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला शिरेतून इन्शुलिन देऊन साखर ८० ते १३० मध्ये ठेवली, तुम्ही मागत होतात जवळजवळ तशीच. दुसऱ्या गटाला कातडीखाली इन्शुलिन देऊन १८० च्या खाली ठेवली, तुमच्या वडिलांची ठेवली होती तशी. हे तीन दिवसांपर्यंत. मग ९० दिवसांनी कोण किती सावरलं ते पाहिलं. कडक गटात चांगले सावरलेले २०.५ टक्के, साध्या गटात २१.६ टक्के. फरक नाहीच. उलट कडक गटातल्या १५ जणांची साखर ४० च्या खाली गेली, साध्या गटात एकाचीही नाही. पुढे चालवून फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून २०१८ मध्ये चाचणी थांबवली, निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००७ मध्ये ब्रिटनमध्ये ९३३ रुग्णांवर असाच प्रयत्न झाला होता, त्यातही फायदा दिसला नव्हता.

मेंदूला साठा करता येत नाही. साखर ४० वर गेली की चांगला भागही उपाशी पडतो, आणि जखमी भाग तर आधीच पाझरावर जगत असतो. म्हणून आज जगभर साधारण १४० ते १८० च्या पट्ट्यात ठेवायचं आणि ६० च्या खाली गेली तर ताबडतोब वर आणायची, असं मानलं जातं. तुमच्या वडिलांचा आकडा त्याच पट्ट्यात होता.

त्या दवाखान्यात बाकी सगळं कसं झालं ते मला माहीत नाही, त्यावर बोलणार नाही. पण तुम्ही ११० चा आग्रह लावून धरला नाहीत म्हणून वडील गेले असं जर मनात असेल, तर ११५१ माणसांचा हा हिशोब त्याच्या विरुद्ध उभा आहे. तो तुम्हाला कुणी वेळेवर समजावून सांगितला नाही, "एवढी चालते" म्हणून बोळवण केली, याचं मला वाईट वाटतं. दोन मिनिटं बसून बोलायला हवं होतं.

रानजाई | १२ एप्रिल, सकाळी १०.०५

तटस्थदादा, डॉक्टरांनी ४० चा उल्लेख केला म्हणून आमचा अनुभव लिहिते.

सासूबाई ७४ वर्षांच्या, डायबेटिसच्या गोळ्या चालू. मागच्या आषाढी एकादशीला निर्जळी केली, पण सकाळची गोळी सवयीने घेतली. अकराच्या सुमारास डावा हात लुळा पडला, बोलणं बोबडं, घाम नुसता वाहतोय. आम्ही लकवाच समजलो आणि १०८ ला फोन केला. गाडीतल्या डॉक्टरांनी आधी बोट टोचलं. शुगर ३८. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत सासूबाई हात हलवून "मला कुठे नेताय" विचारत होत्या! आम्ही सगळे रडलो. स्ट्रोक नव्हताच.

तेव्हापासून उपासाच्या आदल्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारते.

इंद्रायणी | १२ एप्रिल, दुपारी १.३०

रानजाई, हा अनुभव लिहिलात ते बरं केलं. साखर फार घसरली तर हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसू शकतं. याचसाठी गुठळीचं इंजेक्शन देण्याआधी रक्ताच्या ज्या एकाच तपासणीची वाट पाहणं सक्तीचं आहे, ती म्हणजे साखर. बाकी रिपोर्ट मागून आले तरी बहुतेकांच्या बाबतीत चालतं. १९९५ मध्ये ज्या अमेरिकन चाचणीने हे इंजेक्शन सिद्ध केलं, तिच्यातही ५० च्या खाली आणि ४०० च्या वर साखर असलेल्यांना घेतलं नव्हतं. म्हणून आता आम्ही अशी साखर आधी दुरुस्त करतो आणि लक्षणं तरीही राहतात का ते बघतो.

गोदाकाठ, शेजारच्या काकांचा हेतू चांगला होता आणि त्यांचा तर्कही वेडगळ नव्हता, वरचं उदाहरण समोरच आहे. पण नुसत्या अंदाजावर तोंडात काही घालायचं नाही. घरात मीटर असेल तर बोट पुसून टोचा, अर्धं मिनिट लागतं. मीटर नसेल तर त्याच्या शोधात वेळ घालवू नका, गाडीत घाला. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं यातलं काहीही असेल तर पाणी, साखर, गोळी, काहीच तोंडातून नको. गिळण्याचे स्नायूही त्याच वेळी लुळे असू शकतात. तो ठसका त्याचाच होता. साखर खरंच कमी निघाली तर ती शिरेतून देता येते.

आणि लक्षणं नक्की किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. तुम्ही "चार वाजता" सांगू शकलात म्हणून इंजेक्शनचा निर्णय पटकन झाला. साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं आणि त्यातही प्रत्येक मिनिट मोजून आहे. मोठी नस बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला आहे.

निळाई | १३ एप्रिल, पहाटे ४.५०

सिडनीहून लिहितेय. मी इथे स्ट्रोक वॉर्डात नर्स आहे, माहेर साताऱ्याचं. गिळण्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये १९ स्ट्रोक युनिट्समध्ये एक चाचणी झाली होती, २०११ मध्ये तिचे निकाल आले. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही. पहिले तीन दिवस नर्सेसनी तीनच गोष्टी काटेकोर पाळायच्या: ताप, साखर आणि गिळणं. ताप ३७.५ सेल्सिअसच्या वर दिसला की लगेच पॅरासिटामॉल, साखर ठरल्या वेळी तपासून वाढली तर उपचार, आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडातून काही द्यायचं नाही. ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण त्या युनिट्समध्ये ४२ टक्के, नेहमीच्या पद्धतीने काम करणाऱ्यांत ५८ टक्के. मला आजही हे आकडे लिहिताना अंगावर काटा येतो, कारण हे आमच्या हातचं काम आहे.

तटस्थ, तुम्हाला वाटेल की इथे तर साखरेवर उपचार केल्याने फायदा झाला, मग डॉक्टर म्हणतात तसं का? यात साखर ८० ला आणायचा अट्टहास नव्हता. ती मोजायला विसरायचं नाही आणि ३०० वर तशीच सोडायची नाही, एवढाच नेम होता. शिवाय तिन्ही गोष्टी एकत्र होत्या, एकट्या साखरेला श्रेय देता येत नाही.

भारतातल्या नातेवाइकांनी रिपोर्ट पाठवले की एक घोळ होतो, तोही सांगते. इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. १८ ने गुणलं की तुमचा आकडा येतो, म्हणजे इथले १० म्हणजे तुमचे १८०. माझ्या भावाने एकदा इथल्या एका पेशंटचा "११" ऐकून शुगर धोकादायक कमी आहे असा समज करून घेतला होता.

वाटसरू | १३ एप्रिल, सकाळी ८.२०

निळाई, एक विचारतो. वडिलांना भरती केलं तेव्हा आम्हीच डॉक्टरांच्या मागे लागलो होतो की पोटात काही नाही, ग्लुकोजची बाटली लावा. त्यांनी साधं सलाईन लावलं तेव्हा राग आला होता.

निळाई | १३ एप्रिल, दुपारी १२.०५

त्यांनी बरोबर केलं. साखर कमी नसेल तर स्ट्रोकच्या पेशंटला सुरुवातीला ग्लुकोजची बाटली टाळतात. "ताकदीची बाटली" हा शब्द मी माझ्या आजीकडूनही ऐकलाय.

मांडवी | १४ एप्रिल, रात्री ८.४०

फोंड्याहून. डायबेटिस आहे हेच स्ट्रोकच्या दिवशी कळतं, असं माझ्या ओळखीत दोन घरांत झालं. आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ च्या देशव्यापी अभ्यासात गोव्याचा डायबेटिसचा आकडा सगळ्यांत वर होता, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे आमच्याकडे चार मोठ्या माणसांत एकापेक्षा जास्त. माझा काका, वय ५४, दाखल होताना शुगर २८० आणि एचबीएवनसी ९.८. त्याला ताणाची साखर नव्हती म्हणायची, ती जुनीच होती ना डॉक्टर?

इंद्रायणी | १५ एप्रिल, सकाळी ७.००

हो. ९.८ ची सरासरी २३५ च्या आसपास येते. २८० हा तिच्यावर थोडासा चढलेला आकडा आहे. गोदाकाठ यांच्या बाबांचा १९४ दिसायला लहान, पण त्यांच्या स्वतःच्या सरासरीच्या दीडपट. म्हणून दोन माणसांच्या साखरेची नुसती तुलना करू नये. तीव्रतेचा अंदाज बांधताना ही उडी किती मोठी आहे ते पाहणं अधिक उपयोगी ठरतं, असं अलीकडचे बरेच अभ्यास सांगतात.

तुमच्या काकांच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. वर्षानुवर्षांच्या साखरेने नसा खराब होतात. डायबेटिसमुळे गुठळीच्या स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट होतो. तिथे साखर खरी आरोपी आहे, पण एका दिवसाच्या गोडाची नव्हे. बीपी मात्र दोन्ही घरांत तपासा, स्ट्रोकमागचं सगळ्यांत मोठं कारण अजूनही तेच आहे.

तटस्थ | १६ एप्रिल, रात्री १२.१५

डॉक्टर, निळाईताई. चार दिवस लिहायचं टाळत होतो. वडिलांची फाइल कपाटात होती, दोन वर्षांत उघडली नव्हती. आज उघडली. नर्सिंगच्या कागदावर दर चार तासांनी शुगर लिहिलेली आहे, रात्री दोनची आणि पहाटे सहाचीही. १६२, १७५, १५८. कुणीतरी रात्री उठून त्यांच्याकडे बघत होतं. मी बाहेर बाकड्यावर होतो, मला ते दिसलं नव्हतं. वडिलांना निमोनिया झाला होता असंही त्यात आहे. तेव्हा मी फक्त शुगरच वाचत होतो.

आभार.

शमिका | १६ एप्रिल, सकाळी ७.३०

दादा, सावकाश. आम्ही आहोत इथे.

गोदाकाठ | २६ एप्रिल, सायंकाळी ६.४०

थोडी खबरबात. बाबा काल जिना चार पायऱ्या चढले. घरी आणलेल्या मीटरवर उपाशीपोटी १०४ ते ११२ येते. डॉक्टरांनी सध्या साखरेची गोळी दिलेली नाही, बीपीची बदलली आहे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करायचा आहे.

आईने डबा माळ्यावरून काढला. धागा तिला सलग वाचून दाखवला, तटस्थ यांची शेवटची पोस्टही. त्या पोस्टनंतर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या मुलाला सांग, बाकड्यावर बसला होता तेही जवळच असणं आहे."

आता तिचा प्रश्न आहे, तो जसाच्या तसा लिहिते. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली. बाबांना आमरस द्यायचा का? बाबा बोटाने आंब्याच्या पेटीकडे दाखवतात.

इंद्रायणी | २६ एप्रिल, रात्री ९.१५

द्या. साखर न घालता, अर्धी वाटी, जेवणाबरोबर. त्या दिवशी पोळी-भात थोडा कमी वाढा. दोन तासांनी मीटरवर पाहायचं असेल तर पाहा, पण आकडा बाबांसमोर मोठ्याने वाचू नका. गिळण्याची चाचणी पुन्हा झाली आहे ना, तेवढं कळवा.

निळाई | २७ एप्रिल, पहाटे ५.२०

पाण्यापेक्षा दाट रस गिळायला सोपा जातो, कारण तो घशात हळू उतरतो. दूध घालून पातळ करू नका आणि रेषा गाळून घ्या. बाबांना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, एकेक छोटा चमचा. पहिला गिळला की नाव विचारा. आवाज घोगरा आला तर थांबा.

गोदाकाठ | ३० एप्रिल, दुपारी ३.०५

चाचणी सोमवारी झाली, पास आहेत. नऊ चमचे खाल्ले. आवाज स्वच्छ होता. नाव विचारलं तर आधी आईचं सांगितलं, मग स्वतःचं.